फोर गॅस मीटर बंप टेस्टला नापास होतंय, उगाच कोकलतंय किंवा गप्प बसलंय? या क्रमानं तपासा

फोर गॅस मीटर म्हणजे चार गॅस मोजणारं हातातलं यंत्र, आणि बंप टेस्ट म्हणजे त्याला ओळखीचा गॅस हुंगायला देऊन ते जागं होतंय का बघणं. आधी लक्षणं सांगतो. तुमचं मीटर यातलं काय करतंय ते बघून घ्या.

मोकळ्या हवेत चालू केलं तरी सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा ४, ७, ९ असा कुठंतरी अडकतो, शून्यावर येत नाही. किंवा उलट, आकडा उणे जातो. ऑक्सिजन २०.९ ऐवजी २०.२ दाखवतो. बंप टेस्टला चारपैकी एकच गॅस नापास होतो, बहुतेक वेळा एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. कधी चारही नापास होतात. कधी गॅस सोडल्यावर आकडा चढतो, पण मुंगीच्या पावलानं. पंपवालं मीटर असेल तर पंप अडकल्याचा अलार्म थांबत नाही. कॅलिब्रेशन करून, म्हणजे आकडे जुळवून, आणलेलं मीटर महिनाभरात पुन्हा त्याच तक्रारीवर येतं. आणि एक प्रकार असा, की त्याची तक्रार घेऊन कुणी येतच नाही. मीटर चालू आहे, दिवा लुकलुकतोय, चारही आकडे जिथल्या तिथं आहेत, आणि समोर गॅस आला तरी ते हलत नाहीत.

मी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडच्या फाउंड्र्या, हंगामात साखर कारखाने आणि इचलकरंजीकडची कापड रंगवणारी प्रोसेस हाऊसं इथली हातातली मीटरं बघतो. ऑक्सिजन, ज्वलनशील गॅस म्हणजे एलईएल (पेट घेण्याच्या किमान पातळीच्या टक्क्यांत आकडा येतो, म्हणून हे नाव), सीओ आणि एचटूएस असे चार सेन्सर असलेली, खिशाला अडकवायची. माझ्याकडं ‘सेन्सर गेलाय, नवीन टाका’ म्हणून येणाऱ्या मीटरांपैकी बऱ्याच मीटरांचा सेन्सर धडधाकट असतो. दोष असतो फिल्टरमध्ये, सिलिंडरमध्ये, नाहीतर शून्य कुठं उभं राहून केलं त्या जागेत. म्हणून खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चाकडं जातो.

सुरू करण्याआधी एकच अट. बंप टेस्ट पास होईपर्यंत ते मीटर घेऊन कुणीही टाकीत, सम्पमध्ये (सांडपाणी साठतं त्या हौदात), डायजेस्टरमध्ये (सांडपाणी कुजवायच्या बंद टाकीत), खड्ड्यात उतरायचं नाही. दुसरं चांगलं मीटर मिळत नसेल तर काम थांबवायचं. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३६ अशा बंदिस्त जागेसाठीच होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं घेतली. त्या कलमानुसार श्वसनसंच न लावता माणूस आत सोडायचा तर सक्षम व्यक्तीनं स्वतः तपासणी करून जागा धोकादायक गॅसपासून मोकळी असल्याचं लेखी द्यावं लागायचं. ते लेखी देणाऱ्याच्या हातात हेच मीटर असतं. ते चुकलं तर कागदही चुकला.

शून्य कुठं उभं राहून केलं?

याला एक रुपया लागत नाही आणि सगळ्यात जास्त गडबड इथंच सापडते.

शून्य करताना तुम्ही मीटरला सांगत असता, की आत्ता तुझ्यासमोर जी हवा आहे ती शुद्ध धर. मीटर ते निमूटपणे मान्य करतं. त्या हवेत २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) सीओ असेल तर त्या २० ला ते शून्य समजायला लागतं. अलार्म ३५ वर लावलेला असेल तर प्रत्यक्षात ५५ पीपीएम झाल्याशिवाय भोंगा वाजणार नाही. दिवसभर माणूस त्यात काम करतो, संध्याकाळी डोकं धरून घरी जातो, आणि मीटरवर सगळं ठीक असतं.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीतून मला फोन आला होता. “साहेब, मीटर खराब झालंय. गेटवर आलं की उणे दाखवतंय.” गेलो. मीटर अगदी ठीक होतं. सुपरवायझर रोज सकाळी ओतकामाच्या शेडला लागून असलेल्या केबिनमध्ये शून्य करत होता. साच्यात रस ओतला की वाळूतला कोळशाचा चुरा आणि बाइंडर जळून सीओ निघतो, तो सरळ त्या केबिनमध्ये येत होता. मीटर गेटवरच्या खऱ्या स्वच्छ हवेत आलं की उणे जायचं. म्हणजे ते खरं बोलत होतं. उणे आकडा दिसला की मी आधी विचारतो, “मामा, सकाळी शून्य कुठं केलंसा?” बऱ्याचदा उत्तर तिथंच मिळतं. पण उणे आकडा दिसेलच असं नाही. अनेक मॉडेलं शून्याच्या आसपासचा थोडा फरक लपवून सरळ शून्यच दाखवतात.

म्हणून मीटर घेऊन शेडपासून लांब जा, वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला. भट्टी, जनरेटर, चालू इंजिनाचा ट्रक, फोर्कलिफ्ट, चहाची टपरी यातलं काही वाऱ्याच्या तोंडाशी नको. मीटर गरम होऊन स्थिर होऊ द्या, मगच शून्य करा. अशी जागाच नसेल तर शून्य हवेचा सिलिंडर मिळतो, तो वापरा. ऑक्सिजनचा २०.९ हा आकडाही याच वेळी जुळतो, त्यामुळं कोंदट खोलीत शून्य केलं तर दोन्हीकडून फसगत होते.

हाताला, टेबलावर, कपाटात काय आहे?

सीओचा सेन्सर फक्त सीओच ओळखतो असं नाही. हायड्रोजनला तो चांगलाच प्रतिसाद देतो. फोर्कलिफ्टच्या लेड ॲसिड बॅटऱ्या जिथं चार्ज होतात त्या खोलीत सीओचा आकडा चढला, तर तो खोटा अलार्म म्हणून दाबू नका. तिथं हायड्रोजन साठतोय हे मीटर आडवळणानं सांगतंय, खिडक्या उघडा. अल्कोहोलच्या वाफेनंही काही सेन्सर चढतात. हाताला सॅनिटायझर चोळून लगेच मीटर उचललं की ७-८ पीपीएम दिसतात, पाच-दहा मिनिटांनी उतरतात. याच कारणासाठी मीटर स्पिरिटनं पुसू नका. साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं पुरेसं आहे.

एलईएलच्या सेन्सरचा शत्रू वेगळा आहे, सिलिकॉन. या सेन्सरमध्ये दोन बारीक मणी असतात. एकावर उत्प्रेरक असतो, दुसऱ्यावर नसतो. गॅस आला की उत्प्रेरकवाल्या मण्यावर तो जळतो, मणी तापतो, त्याचा विद्युतरोध वाढतो, आणि दोन मण्यांतल्या फरकावरून आकडा येतो. सिलिकॉनची वाफ त्या गरम मण्यावर बसली की काचेसारखा थर तयार होतो. गॅस मण्यापर्यंत पोचतच नाही. आकडा शून्य, भोंगा गप्प. हा बिघाड मागे फिरत नाही.

आपल्याकडं हे जास्त जपायला हवं, कारण फाउंड्रीच्या कोअर शॉपमध्ये (वाळूचे गाभे बनवतात तिथं) आणि डाय कास्टिंगमध्ये साच्यातून माल सुटावा म्हणून मारतात ते रिलीज स्प्रे बरेचदा सिलिकॉनचे असतात. टायर आणि डॅशबोर्डची पॉलिश, दरवाजाच्या कडांना भरायचं सीलंट, काही वंगणाचे स्प्रे, यांतही सिलिकॉन असतं. मीटर ज्या कपाटात ठेवता ते एकदा उघडून बघा. एका ठिकाणी वर्षात दोन एलईएल सेन्सर गेले. तिसऱ्यांदा बोलावल्यावर मी मीटरऐवजी कपाट तपासलं. खालच्या कप्प्यात रिलीज स्प्रेचे अर्धवट वापरलेले डबे, वरच्या कप्प्यात चार्जरला लावलेली मीटरं. मीटरं ऑफिसात हलवली, तक्रार थांबली.

फिल्टर आणि तोंड

सेन्सरच्या तोंडावर बारीक छिद्रांचा पांढरा फिल्टर असतो. हवा आत जाऊ देतो, पाणी अडवतो. फाउंड्रीत त्यावर काळी वाळू आणि कोळशाचा चुरा बसतो, साखर कारखान्यात बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा, ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पावर) चिखलाचे शिंतोडे. पावसाळ्यात पाण्याचा एक थेंब त्यावर पसरला तरी तेवढा वेळ सेन्सरचा श्वास कोंडतो. आकडा हळू चढणं हे याचंच लक्षण.

हे मी अंगानं अनुभवलंय. एका प्रोसेस हाऊसच्या ईटीपीवर सम्पमधला पंप काढायचा होता. ऑपरेटर म्हणाला, “दादा, नासक्या अंड्यासारखा वास मारतोय, पण मीटर शून्यच दाखवतंय. मग उतरू का?” वास मलाही येत होता. मीटरला सिलिंडरचा गॅस लावला, एचटूएसचा आकडा २ वर जाऊन थांबला. सिलिंडरमध्ये २५ पीपीएम होता. फिल्टर काढून बघितला तर त्यावर वाळलेल्या गाळाचं पापुद्र्यासारखं झाकण बसलेलं. नवा फिल्टर बसवला, तोच सेन्सर २४ वर गेला. मीटर दोरीनं खाली सोडलं तर सम्पच्या तळाशी अलार्म झाला, एचटूएस हवेपेक्षा जड असल्यानं तळालाच बसतो. माणूस वरच होता म्हणून आज मी हे शांतपणे लिहू शकतोय.

इथं नाकाचं एक सांगायलाच हवं. एचटूएस एका पीपीएमच्याही खाली नाकाला कळतो, म्हणून लोक नाकावर विसंबतात. पण साधारण १०० पीपीएमच्या आसपास वास ओळखणारी संवेदनाच बधिर होते. वास ‘गेला’ असं वाटतं तेव्हा गॅस वाढलेला असू शकतो. १०० पीपीएम हीच जीवाला तत्काळ धोका असलेली पातळी धरली जाते.

फिल्टर बदलणं स्वस्त आहे. काँप्रेसरच्या हवेनं तो फुंकू नका, आतला सेन्सर फाटतो. टाचणीनं छिद्रं मोकळी करू नका, फिल्टर जातोच आणि पाणी आत शिरायला वाट होते. काढा, फेका, त्याच मॉडेलचा नवा बसवा. धुळीच्या जागी मी महिन्याला बदलतो, एरवी तीन महिन्यांनी.

बॅटरी आणि घड्याळ यांत फार वेळ जात नाही. चार्जिंगचे संपर्क हिरवे पडले असतील तर कोरड्या सुती फडक्यानं पुसा. मीटरमधली तारीख चुकली असेल तर कॅलिब्रेशनची मुदतही चुकीची दाखवली जाते, ती दुरुस्त करा. चार्जिंग गॅसच्या जागेत कधीच नाही.

सिलिंडर, रेग्युलेटर, नळी

आता गॅसकडं येऊ. दोन शब्द सरमिसळ करून वापरले जातात, म्हणून आधी ते. बंप टेस्टमध्ये मीटरला ओळखीचा गॅस हुंगायला देऊन ते जागं होतंय का, भोंगा आणि दिवा चालतो का, एवढंच बघतात. कॅलिब्रेशनमध्ये आकडा सिलिंडरवरच्या आकड्याशी जुळवतात. बंप कामाच्या दिवशी कामाआधी, कॅलिब्रेशन मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीनं. बऱ्याच मॉडेलांना ती सहा महिन्यांची असते. ‘सहा महिन्यांचं सर्टिफिकेट आहे की’ म्हणून रोजचा बंप सोडणं मला कुठंच पटलेलं नाही. सर्टिफिकेट त्या दिवशीचं असतं, आणि फिल्टरवर चिखल दुसऱ्या दिवशीही बसतो.

बंपचा गॅस महाग पडतो अशी तक्रार असते. हिशोब करून बघा. ३४ लिटरचा सिलिंडर मिनिटाला अर्धा लिटर सोडणाऱ्या रेग्युलेटरवर ६८ मिनिटं चालतो. एका बंपला पाऊण मिनिट धरलं तर नव्वद बंप होतात. एका माणसाच्या एका दवाखान्याच्या खर्चापुढं हे काहीच नाही.

नेहमीच्या चार गॅसच्या मिश्रणात साधारण १०० पीपीएम सीओ, २५ पीपीएम एचटूएस, २.५ टक्के मिथेन आणि १८ टक्के ऑक्सिजन असतो, बाकी नायट्रोजन. मिथेन हवेत ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, म्हणून २.५ टक्के म्हणजे ५० टक्के एलईएल. आता नापास कोण झालं यावरून दोष शोधायचा.

एकटा एचटूएस नापास असेल तर पहिला संशय सिलिंडरवर. एचटूएस हा चंचल गॅस आहे, सिलिंडरच्या आतल्या भिंतीशी, ओलाव्याशी त्याची प्रतिक्रिया होत राहते, म्हणून या मिश्रणाला मुदत असते. मुदत उलटलेल्या सिलिंडरमध्ये सीओ आणि मिथेन ठीक भरतात, एचटूएस मात्र उतरलेला असतो. मीटरला दोष देण्याआधी सिलिंडरवरची मुदतीची तारीख वाचा. दुसरा संशय नळीवर. साध्या रबराची, लांब, जुनी नळी एचटूएस शोषून घेते. मीटरबरोबर आलेलीच नळी वापरा, आखूड ठेवा. तिसरा रेग्युलेटर. एचटूएससाठी स्टेनलेस स्टीलचा लागतो. पितळेचा दुसऱ्या कामावरचा रेग्युलेटर लावला की सुरुवातीचा गॅस तोच खातो.

चारही नापास असतील तर सेन्सर चारही एकदम जात नाहीत. सिलिंडर रिकामा आहे, रेग्युलेटर बंद आहे, मीटरच्या तोंडावर गॅस सोडायची कॅप नीट बसलेली नाही, किंवा पंख्याच्या झोतात उभे आहात. पंखा बंद करा, आडोशाला या, पुन्हा करा. एकटा एलईएल नापास असेल तर वर सांगितलेलं सिलिकॉन आठवा. एकटा ऑक्सिजन खाली-खाली येत असेल तर सेन्सरचं वय बघा. शिसं वापरणारे ऑक्सिजन सेन्सर हवेतला ऑक्सिजन घेऊन झिजत असतात, मीटर बंद असलं तरी. दोन वर्षांच्या आसपास त्यांचं आयुष्य सरतं.

सिलिंडरवरचा आकडा आणि मीटरच्या मेन्यूमधला आकडा एकच आहे का, हे नवा सिलिंडर आला की हमखास बघा. सिलिंडरमध्ये १०० पीपीएम सीओ आणि मेन्यूत ५० लिहिलेलं असेल, तर कॅलिब्रेशन हसत-हसत पास होतं आणि त्यानंतर मीटर प्रत्येक आकडा निम्मा दाखवतं. खरे ६० पीपीएम असताना ३० दिसणार, ३५ चा अलार्म वाजणारच नाही. उलटं झालं तर मीटर दुप्पट दाखवून सारखं कोकलतं, ते निदान कुणीतरी दुरुस्तीला आणतं. निम्मं दाखवणारं मीटर खिशात तसंच फिरत राहतं.

आणि लायटर. एलईएल चालतोय का बघायला सेन्सरपाशी लायटरचा गॅस सोडायची सवय मी जवळजवळ प्रत्येक कारखान्यात पाहिलीय. कृपा करून बंद करा. लायटरचा गॅस मण्याच्या क्षमतेपलीकडचा असतो, मणी अतितापून कायमचा कमजोर होतो. शिवाय त्यातून काही सिद्धही होत नाही. विषबाधा झालेला मणी आधी मिथेनला प्रतिसाद देणं सोडतो, ब्युटेनसारखे सोपे जळणारे गॅस तो नंतरही काही काळ ओळखत राहतो. लायटरला आकडा चढला म्हणून खूश झालेला माणूस डायजेस्टरवर मिथेनपुढं त्याच मीटरसह उभा राहतो. म्हणून एलईएलचा बंप मिथेननंच.

आपला घाट आणि आपला पाऊस

ही तपासणी थोडी धीराची आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. कोकणातल्या कामावर शून्य केलेलं मीटर गगनबावड्याच्या घाटानं वर आणलं, की हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी झालेला असतो. आंशिक दाबावर, म्हणजे हवेच्या दाबातल्या ऑक्सिजनच्या वाट्यावर, चालणारा ऑक्सिजन सेन्सर असेल तर तो २०.९ ऐवजी १९.६ च्या जवळ येतो आणि १९.५ च्या अलार्मच्या उंबरठ्यावर बसतो. बारीक छिद्राचे सेन्सर दाब बदलताना थोडा वेळ भरकटतात, मग स्थिर होतात. दोन्हीला इलाज एकच, कामाच्या जागी पोचल्यावर अर्धा तास थांबा आणि तिथल्या मोकळ्या हवेत शून्य करा.

जुलैतला पाऊसही असाच फसवतो. वातानुकूलित केबिनमध्ये २०.९ लावलं आणि बाहेर आलं की ऑक्सिजन थोडा खाली दिसतो. हवेत पाण्याची वाफ ३ टक्क्यांपर्यंत भरलेली असते, तेवढी जागा बाकीच्या वायूंची कमी होते. हा सेन्सरचा दोष नाही. पण बंदिस्त जागेच्या तोंडाशी आकडा आणखी उतरताना दिसला तर पावसाला दोष देऊन पुढं जाऊ नका. तिथं ऑक्सिजनची जागा दुसरा कोणता गॅस घेतोय, हे शोधायचं असतं.

पंप असेल तर

मीटरच्या हवा ओढायच्या तोंडावर बोट ठेवून ते बंद करा. काही सेकंदांत पंपाचा अलार्म व्हायलाच हवा. नाही झाला तर नळीत किंवा जोडावर कुठंतरी गळती आहे, आणि मीटर टाकीतली हवा ओढण्याऐवजी तुमच्या बाजूची स्वच्छ हवा ओढतंय. नळीच्या टोकापासून हीच कसोटी पुन्हा करा. खोल टाकीत नळी सोडल्यावर घाई नको. मी प्रत्येक मीटर लांबीला तीन सेकंद धरतो आणि त्यावर दोन मिनिटं थांबतो, आणि वर, मध्ये, तळाला असे तीन थर मोजतो. मिथेन वर जातो, एचटूएस आणि एलपीजी तळाला बसतात. मिथेनवर लावलेलं मीटर एलपीजीचा आकडा कमी दाखवतं हेही लक्षात असू द्या. एलपीजी हवेत २ टक्क्यांच्या आसपासच पेट घेतो.

कॅलिब्रेशन करताना

इथवर सगळं ठीक आणि तरी बंप नापास, तर कॅलिब्रेशन करा. आधी शून्य, मग गॅस, हा क्रम उलटू नका. शून्य वर-खाली असेल तर गॅसचा आकडा जुळवून काही उपयोग नाही, पायाच वाकडा राहतो.

आकडा जुळवण्याआधी मीटर काय दाखवत होतं ते वहीत लिहा. हे मी कळकळीनं सांगतोय. १०० पीपीएमला मीटर ९७ दाखवत होतं आणि तुम्ही १०० केलं, ठीक. पण ५५ दाखवत होतं आणि तुम्ही १०० केलं, तर गेले कित्येक दिवस ते जवळपास निम्मं सांगत होतं. त्या काळात कोण कुठं उतरलं, कुणाला चक्कर आली, हे मागं जाऊन विचारावं लागतं. नुसतं ‘पास’ लिहिलं तर हे पुसलं जातं. दर वेळी आधीचा आकडा उतरत चाललाय असं वहीत दिसलं, तर सेन्सर बंद पडण्याआधी मागवता येतो. गळीत हंगामाच्या तोंडावर सगळ्यांनाच सेन्सर हवे असतात, तेव्हा ते वेळेत मिळत नाहीत.

हंगामावरून आठवलं. एप्रिलमध्ये कारखाना बंद झाला की मीटरं कपाटात जातात आणि ऑक्टोबरात बाहेर निघतात. सहा महिन्यांत बॅटरी पूर्ण उतरलेली असते आणि ऑक्सिजन सेन्सर आतल्या आत झिजलेला असतो. बंद हंगामातही महिन्यातून एकदा चार्ज करा आणि बंप करा. टाक्या साफ करायचं काम तर याच काळात निघतं.

इथं थांबा

चांगल्या मुदतीतल्या गॅसवर दोनदा कॅलिब्रेशन नापास झालं, थांबा. तिसऱ्यांदा प्रयत्न करून कधीतरी ‘पास’ आणण्यात शहाणपण नाही, मरायला टेकलेला सेन्सर एखाद्या वेळी पास होतो. मीटर पाण्यात, मळीत, स्पेंट वॉशमध्ये (डिस्टिलरीच्या सांडपाण्यात) पडलं असेल, पेटीला तडा गेला असेल, सेन्सरमधून द्रव झिरपल्याची खूण असेल, तर उघडू नका. त्या द्रवात बरेचदा सल्फ्युरिक ॲसिड असतं. शिवाय स्फोटक वातावरणात ठिणगी पडणार नाही अशी या मीटरची प्रमाणित बांधणी असते. बाजारातला साधा स्क्रू, दुसरी बॅटरी, थोडा डाग देऊन जोडलेली तार, यातलं काहीही केलं की ते प्रमाणपत्र संपलं. सेन्सर बदलणं, बोर्डचं काम, नवीन सेन्सरनंतरचं पहिलं कॅलिब्रेशन हे कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडं द्या. ऑडिटला सर्टिफिकेट लागणार असेल तर एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा, आणि तिच्या मान्यतेत गॅस डिटेक्टर आहेत का तेही विचारा. नुसता लोगो बघून देऊ नका.

दूध प्रकल्प आणि शीतगृहातले भिंतीवरचे अमोनिया डिटेक्टर या क्रमात बसत नाहीत. त्यांना पंखे, झडपा, कंट्रोल पॅनेल जोडलेले असतात. एक वायर चुकली तर अलार्म होतो पण पंखा सुरू होत नाही. तिथं हात घालू नका.

आणि तपासणी चालू असताना खरोखरच आत कुणी कोसळलेला दिसला, तर मीटर बाजूला ठेवा आणि त्याच्यामागं उतरू नका. श्वसनसंच आणि दोरी असलेलं पथक येईपर्यंत बाहेरून हवा द्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा. आत धावलेला दुसरा माणूसही त्याच हवेत श्वास घेणार असतो.

मीटर सेवा केंद्राला पाठवताना सोबत एक चिठ्ठी ठेवा. कोणता गॅस नापास झाला, बंपला किती दाखवत होता, सिलिंडरचा लॉट क्रमांक आणि मुदत, शेवटचा फिल्टर कधी बदलला, आणि मीटर कुठल्या शेडमध्ये वापरतात. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या मीटरवर तिथला माणूस पहिला अर्धा दिवस हेच शोधण्यात घालवतो. बॅटरी चार्ज करून पाठवा, आणि परत आल्यावर पेटीतून काढल्या-काढल्या, सर्टिफिकेट फाईलला लावण्याआधी, एक बंप घ्या.